विसावी डिलिव्हरी

"तुमच्या गावात कुणी दिवस भरलेली बाई आहे का?" असं मी पाटण तालुक्यातल्या एका चहाच्या टपरीवर विचारलं, तेव्हा बाकावर बसलेल्या सात माणसांपैकी चार उभी राहिली.

मी मोटरसायकलवर होतो. डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यावर लष्करी कटिंग. चौथ्या माणसाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. नुसता दांडा, पातं बसवायचं राहिलं होतं. तेवढाच दिलासा.

"कशाला पायजे?" दांडेवाल्यानं विचारलं.

"आमच्या हिला एक कमी पडतीय."

हे वाक्य आज लिहितानाही मला नीट वाटत नाही.

तेवढ्यात मोनाली मागून उतरली. पांढरा अ‍ॅप्रन हातावर, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. "दादा, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेला बसायला वीस डिलिव्हऱ्या स्वतःच्या हातानं कराव्या लागतात. माझ्या एकोणीस झाल्यात. वही सोमवारी द्यायचीय."

दांडेवाला खाली बसला. "मग आसं नीट सांगायचं की ओ मेजर."

आमच्या सातारा भागात लष्करातल्या कुणालाही मेजर म्हणतात. मी तेव्हा साधा शिपाई होतो. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण दांडा अजून त्यांच्याच हातात होता.

"धामणशेताच्या सरकारी दवाखान्यात जावा," चहावाला म्हणाला. "झोऱ्यांची सून सकाळीच जीपनं नेलीया. पळा, न्हायतर व्हईल."

आम्ही पळालो.

तो शनिवार होता. माझी सुट्टी रविवारी संपत होती. दोन महिन्यांच्या सुट्टीत लोक घराला रंग देतात, तुळजापूरला जाऊन येतात. मी शेवटचे चार दिवस गरोदर बायका शोधत होतो.

अडचण अशी होती की जिल्ह्याच्या दवाखान्यात पाच कॉलेजांच्या मुली प्रॅक्टिकलला येत. एका बाळंतिणीमागं चार मुली. एक बाळ झेलणार, एक नाळ कापणार, एक वार बघणार, एक वेळ लिहिणार. संध्याकाळी चौघींच्याही वहीत तीच डिलिव्हरी स्वतः केली म्हणून चढणार. सातारा जिल्ह्यात जितकी माणसं आहेत त्याच्या चौपट जन्मली आहेत, ती अशी.

मोनालीनं फक्त झेललेली लिहिली. म्हणून एकोणीस.

"लिहून टाक की एक," मी शुक्रवारी म्हणालो होतो. "लष्करात पण वह्या अशाच भरतात."

"कशा?"

"भरतात," मी म्हणालो आणि विषय बदलला.

घाई मलाही होती. तिच्या पहिल्या वर्षाची फी माझ्या राजस्थानच्या पोस्टिंगनं भरली, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची नागालँडनं. चौथ्या वर्षी कॉलेजनं फी वाढवली, तेव्हा मी हिमनदीवरच्या पोस्टसाठी नाव दिलं. तिथं श्वास घ्यायचा वेगळा भत्ता मिळतो, कारण घ्यायला श्वासच नसतो. ही परीक्षा चुकली की पुढची सहा महिन्यांनी, म्हणजे मलाही आणखी सहा महिने वर. आई म्हणायची, "सून शिकतीया खाली आणि पोरगं गोठतंय वर, ह्यो कसला संसार?" आईला उत्तर द्यायला आमच्याकडं एकच डिलिव्हरी कमी होती.

धामणशेतचा दवाखाना डोंगराच्या कुशीत होता. वर पठारावर पवनचक्क्यांची रांग फिरत होती आणि खाली दवाखान्यात लाईट गेली होती. डॉक्टर लसीकरणाला वाडीवर गेले होते, शिपाई आणि गाडी त्यांच्यासोबत. उरल्या होत्या मुजावर सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. त्यांनी मोनालीचं कॉलेजचं पत्र उजेडाला धरून वाचलं, मग तिची वही. वही जरा जास्तच वेळ वाचली.

"एकोणीसच?"

"हो सिस्टर."

"माझ्याकडं येणाऱ्या पोरींच्या तिसाच्या खाली नसतात."

मोनालीनं अ‍ॅप्रन चढवला.

"हात धू," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "हे कोण?"

"मी पण तुमच्यातलाच, सिस्टर," मी छाती काढून सांगितलं. "आमच्यात काही जवानांना औषधपाण्याचा कोर्स देतात. जखम बांधायची, सलाइन लावायचं, डॉक्टर येईपर्यंत माणूस जगवायचा. पोस्टवर मला डॉक्टर म्हणतात."

"मग डॉक्टर, बाहेर बसा," सिस्टर म्हणाल्या.

झोऱ्यांची सून, सुमन, तिसऱ्या खेपेची होती. वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होती आणि कळ आली की खांब धरून उभी राहत होती. तिची सासू, ठकूबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. त्यांनी मोनालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही पोरगी करनार? हिला हायत का पोरं?"

"नाहीत आजी," मी म्हणालो.

"का वं?"

"मी वर असतो."

"कुठं वर?"

मी आकाशाकडं बोट केलं. ठकूबाईंनी माझ्याकडं दयेनं बघितलं आणि पिशवीतून एक शेंगदाण्याचा लाडू काढून दिला.

बाराच्या सुमारास तिघी सुमनला घेऊन आत गेल्या. मी वऱ्हांड्यात लाडू खात पवनचक्क्या मोजल्या. एकोणीस भरल्या. मी परत मोजल्या आणि लांबची एक धरून वीस केल्या.

आतून आवाज येत होते. सुमनचा, मग मोनालीचा: "आता जोर लावा ताई... थांबा... तोंडानं श्वास घ्या... बास, बास, डोकं येतंय." तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात पाल दिसली तर हिमनदीवर फोन लावणारी बाई ती. एकदा बर्फाच्या वादळात मी चौदा मिनिटं सॅटेलाइट फोनवर तिला झाडू कसा धरायचा ते सांगितलं होतं, मागं सुभेदार साहेब उभे असताना.

"डोकं आलं," मोनाली म्हणाली. मी उभा राहिलो. वीस!

मग काहीच नाही.

मग तिचाच आवाज, पण खालच्या पट्टीत. "सिस्टर. डोकं मागं ओढल्यासारखं होतंय. खांदा अडकलाय."

"सरक," मुजावर सिस्टर म्हणाल्या. "मी हात घालते, तू वरनं दाब. आजी, हा पाय धरा, गुडघा छातीला लावा. दुसरा पाय कोण धरणार?"

"अहो!" मोनालीनं हाक मारली. "आत या!"

"मी?"

"दुसरे कुठले अहो आहेत इथं?"

मी चपला काढून आत गेलो. चपला का काढल्या माहीत नाही. देवळात जाताना काढतो तशा काढल्या. आत टेबलावर सुमन, तिच्या एका पायाला ठकूबाई लोंबकळलेल्या. मी दारातच भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

"धरा की ओ मेजर," सुमन दात आवळून म्हणाली. "लाजायला काय झालं? जीव चाललाय माझा!"

मी पाय धरला.

"गुडघा छातीकडं. आणखी. आणखी!" मोनाली म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि तिला कळलं. "पडायचं असेल तर बाळ आल्यावर पडा. आत्ता नाही."

"बरं," मी म्हणालो.

मी खाली बघितलं नाही. मोनालीकडं बघितलं. तिनं तळहाताचा मनगटाकडचा भाग सुमनच्या ओटीपोटाखाली, हाडाच्या अगदी वर ठेवला, दुसरा हात त्यावर, आणि सगळं अंग त्या एका जागी टाकलं. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो पडत नव्हता. तीही हलत नव्हती. समोर मुजावर सिस्टर डोळे मिटून आत हातानं काहीतरी शोधत होत्या. अंधारात खिशातली किल्ली शोधतो तशा, पण इथं खिसा जिवंत होता.

"एक मिनिट झालं," मोनाली म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघता.

मी बर्फाच्या कड्यावर दोराला लटकलोय. रात्रभर गोळ्यांचे आवाज ऐकलेत. पण एवढी शांत माणसं मी लढाईच्या सरावातही बघितली नव्हती. दोन बायका, एक वर, एक खाली, आणि मधे कुणीतरी अडकलेलं. तिघांचं मिळून काहीतरी चाललेलं, आणि चौथीनं, सुमननं, कळ रोखून धरलेली, कारण मोनाली तिला म्हणाली होती, "आत्ता जोर लावू नका ताई, मी सांगते." आणि तिसऱ्या खेपेची ती बाई एका पोर नसलेल्या पोरीचं ऐकत होती.

"सापडला हात," सिस्टर म्हणाल्या. "आला. आला. दाब. सोड."

बाळ आलं. मुलगी. निळसर, आणि ओल्या फडक्यासारखी ढिली.

सिस्टरांनी नाळ कापून ती मोनालीच्या हातात दिली. मोनालीनं खिडकीजवळच्या टेबलावर तिला पुसलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. मग एवढासा मास्क तोंडावर धरून ती रबरी फुगा दाबायला लागली. दाब, सोड. दाब, सोड.

"काय झालं?" सुमन म्हणाली. "का रडंना?"

ठकूबाई पाय धरून तशाच होत्या. पायाचं काम संपलंय हे आम्हा दोघांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही दुसरा पाय धरूनच होतो. बाहेर पवनचक्कीचं पातं वारा कापत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"चल," मोनाली बाळाला म्हणाली, पाहुण्याला आत बोलवावं तशी. "चल गं बाई. ये. आम्ही आहोत सगळे."

मुलीनं ओठ हलवले. मग मांजराच्या पिल्लाएवढा आवाज केला. मग आमच्या ड्रिल हवालदाराएवढा. छातीपासून पायांपर्यंत ती गुलाबी होत गेली, माझ्या डोळ्यांसमोर, रंग भरत जावा तशी.

मी हुकूम पाळणारा माणूस आहे. बाळ आलं होतं. मी पडलो.

डोळे उघडले तेव्हा ठकूबाई माझ्या तोंडावर पाणी मारत ओरडत होत्या, "मेजर पडलं गं बया!" आणि टेबलावर झोपलेली बाळंतीण हसत होती. "हसू नका, टाके घालायचेत," सिस्टर तिला दटावत होत्या.

दोनच्या सुमारास सगळं आवरल्यावर आम्ही वऱ्हांड्यात बसलो. मुजावर सिस्टरांनी पेन काढलं.

"आण वही. सही करते."

मोनालीनं वही दिली नाही. "सिस्टर, ही माझी नाही."

"काय?"

"खांदा तुम्ही सोडवलात."

"डोकं तुझ्या हातावर आलं की!"

"डोकं माझ्या हातावर आलं. बाळ तुमच्या."

मी मधे पडलो. "मोनाली, आपण चार दिवसांत तीनशे किलोमीटर फिरलोय. माझ्यावर कुऱ्हाडीचा दांडा उगारला गेलाय."

"मदतनीस म्हणून लिहिते. त्याची पानं वेगळी आहेत. ती भरलीत माझी."

"अगं, सहा महिने जातील! एकानं काय फरक पडतो?"

"आज पडला की," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज इथं मी एकटी असते तर? उद्या असेनच कुठंतरी एकटी. समोरची बाई म्हणेल, हिनं वीस केल्यात. आणि हात घालताना मला माहीत असेल, की तो खांदा मी कधी सोडवलाच नव्हता."

मुजावर सिस्टरांनी पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकतीस वर्षं झाली मला ह्या कामात," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडून चहा ठेवायला उठल्या.

मोनाली माझ्याकडं वळली. "आणि तुम्हाला रक्त बघून चक्कर येते?"

"भूक लागली होती."

"लाडू खाल्ला होता तुम्ही."

मी पवनचक्क्यांकडं बघितलं.

"मग वर सलाइन कसं लावता?"

लावत नव्हतो. आतापर्यंत वर कुणाला लागलंच नव्हतं, एवढंच. आमच्याही कोर्सला एक वही होती. बारा खरी माणसं, बारा खऱ्या शिरा, प्रत्येकीपुढं साक्षीदाराची सही. पहिल्या दोन मी केल्या. तिसऱ्याला पडलो. मग उरलेल्या दहा सह्या माझ्या जोडीदारानं, भोईटेनं, साक्षीदार म्हणून मारल्या, आणि त्याच्या बुटांना दोन महिने पॉलिश करायची जबाबदारी मी घेतली. उस्तादांना पत्ता नव्हता. त्या वहीमुळं मला सर्टिफिकेट मिळालं. सर्टिफिकेटमुळं हिमनदीवरच्या पोस्टसाठी माझं नाव लागलं. आणि पोस्टच्या भत्त्यातून मोनालीचं चौथं वर्ष चाललं होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. या क्रमानं नाही. उलट्या क्रमानं, आणि मधे दोनदा चहाच्या कपात बघून.

तिनं कप खाली ठेवला. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. दोन्हीला मी तयार होतो.

"पोस्टवर किती माणसं?" तिनं विचारलं.

"मला धरून बारा."

"म्हणजे तुम्हाला सोडून बावीस हात."

ती उठली, आत गेली, मुजावर सिस्टरांशी काहीतरी बोलली. दोघी बाहेर आल्या. सिस्टरांच्या हातात ट्रे होता: रबरी पट्टी, स्पिरिटचा बोळा, सलाइनची सुई. मोनाली बाकावर बसली आणि तिनं डावी बाही वर केली.

"लावा."

"तुला?"

"तिसरी आहे ना? तिसरीलाच पडता ना तुम्ही? मग बसून लावा, म्हणजे लांब पडणार नाही."

मी तिचा हात मांडीवर घेतला. तासाभरापूर्वी याच हातानं ती एका जिवाला ढकलून जगात आणत होती. शीर दिसत होती, निळी, सरळ. मी पट्टी बांधली. पुसलं. सिस्टर फक्त म्हणाल्या, "तिरकी धर." मी सुई घातली. सुईच्या मागं रक्ताचा लाल थेंब उगवला.

मी पडलो नाही. सांगण्यासारखं एवढंच.

माझी वही युनिटमध्ये होती, म्हणून मुजावर सिस्टरांनी दवाखान्याचा एक कोरा केसपेपर घेतला. वर लिहिलं: "सलाइन – १". शेजारी वेळ, आणि सही. मग जरा विचार करून पुढं लिहिलं, "पेशंट ठणठणीत".

निघताना ठकूबाईंनी उरलेले लाडू पिशवीसकट दिले. "परत या," त्या म्हणाल्या. "आमच्यात ह्या वर्षी अजून दोगी हायत."

मी वर जाण्याआधी आमच्या युनिटच्या डॉक्टर साहेबांपुढं उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते छापता येणार नाही. चौदा दिवस ज्यादा ड्यूटीही दिली. पण सगळं ऐकवून झाल्यावर त्यांनीच पहिली बाही वर केली. ती माझी चौथी शीर.

पुढच्या सात शिरा पोस्टवर झाल्या. माणसं मला बघून तंबू बदलायची. सुभेदार साहेबांनी हात दिला तो देवाचं नाव घेत. भोईटेही त्याच पोस्टवर होता, तो एकटा शेवटपर्यंत ऐकेना. "पिसाळ," तो म्हणायचा, "मी मरायला टेकलो तरी तुला हात देणार नाही."

ऑगस्टमध्ये मोनालीचा फोन आला. आवाज तुटत होता.

"विसावी झाली! धामणशेतलाच बघितलेली बाई, पण जिल्ह्याच्या दवाखान्यात आणावी लागली. जुळं!"

"म्हणजे एकवीस!"

"नाही ओ. पहिलं माझ्या हातावर आलं. दुसरं आडवं होतं, सिझर करावं लागलं. विसावरच थांबले." मग जरा थांबून, "तुमच्या किती?"

"बारा."

"बाराव्याला कोण मिळालं?"

"ती सरावाची नव्हती," मी म्हणालो. "परवा बर्फाच्या भेगेत पडला एकजण. बाहेर काढायला तास लागला. मांडी मोडलेली, रक्त खूप गेलेलं. शीर दोऱ्याएवढी राहिली होती."

फोनमध्ये नुसती खरखर.

"राहिला?"

"राहिला. हेलिकॉप्टरनं खाली नेला. जाताना मला शिव्या देत होता."

"आणि कागदावर सही?" ती म्हणाली. तिचा आवाज नीट येत नव्हता, किंवा मला नीट ऐकू येत नव्हतं. "साक्षीदार कोण?"

"तोच. भोईटे. मी नको म्हणत होतो, त्यानंच कागद मागून घेतला," मी म्हणालो. "डाव्या हातानं केली. उजव्यात सुई होती."